बागेतल्या बंगल्याची आडभिंत

हिंगोलीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला बागेतला बंगला दाखवायला नेत. पाहुणा मान वर करून 'वा वा' करायचा आणि माझं डोकं तडकायचं. त्या बंगल्याच्या मागच्या अंगाला मुलींची शाळा भरत असे आणि तिथली एकुलती एक बाई मी. वा वा करणाऱ्यानं एक दिवस तिथं पाढे शिकवून दाखवावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

बंगला बांधला छावणीतल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबानं. चुन्यातल्या हातभर रुंद भिंती, दोन माणसं उंचीची दारं आणि छत इतकं वर की मी 'बे दुणे' म्हटलं की घुमारा विरेपर्यंत पोरींनी 'चार' म्हणायला थांबावं लागे. पलटण गेली तसा बंगला एका जहागीरदाराकडे आला. त्यानं पुढचे गोल खांब तसेच ठेवले, पण मागच्या बुटक्या छपराच्या व्हरांड्यापुढं घरच्या बायकांच्या आडोशासाठी पुरुषभर उंच आडभिंत घातली. पुढं जहागीरदारही गेला, भोवतालची जागा सगळ्यांसाठी बाग झाली. भिंत मात्र हलली नाही. तिच्यापायी वर्गात ना वारा, ना उजेड. भर दुपारी पोरी पाटी नाकाला लावून वाचायच्या.

भिंत पाडा म्हणून सहा वर्षं मी अर्ज केले. सहा वर्षं एकच उत्तर, "बघू, बाई."

शेवटी एक नवे तहसीलदार आले. त्यांनी वर्गात येऊन एक पाटी स्वतः वाचून पाहिली आणि म्हणाले, "बाई म्हणतात ते बराबर आहे." आठवड्यात भिंत भुईसपाट झाली. मला कोण आनंद झाला! पहिल्यांदाच मला मागच्या रांगेतल्या पोरींची तोंडं नीट दिसली.

पंधरा दिवसांत बावीसपैकी पाच पोरी उरल्या. मी तणतणत घरोघरी निघाले. सगळ्यांत हुशार पोरगी एका हळदीच्या आडत्याची. चौथीची परीक्षा चार महिन्यांवर आली होती आणि ती पहिली येणार याबद्दल मला शंका नव्हती. तिचा बाप शांतपणे म्हणाला, "बागेत कोणबी फिरून राहिलं, अन् समोर पोरी बसलेल्या. न्हाई जमायचं, बाई. भिंत व्हती म्हून तर धाडत होतो."

सहा वर्षांत हे एकानंही मला सांगितलं नव्हतं. मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं म्हणा. संतापायचं तरी कुणावर?

पुन्हा तहसीलदारसाहेबांकडे गेले. भिंत परत बांधा म्हटल्यावर मलाच वेड लागलंय अशा नजरेनं ते बघत राहिले. मग शाळेच्या शिपायाला हाताशी धरून मीच तुरीच्या वाळक्या काट्यांचा, तुराट्यांचा कूड बांधला, भिंत होती तेवढाच उंच. वर्गात पुन्हा अंधार झाला आणि पोरी एकेक करून परतल्या. आडत्याची पोरगी तेवढी आली नाही.

मी परत तिच्या घरी गेले. तिची सुपारी फुटली होती. घरात बसलेल्या पोरीला स्थळ आलं, बापानं होकार दिला, झालं. मला पाणी देताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, माझी परीक्षा झाल्यावर भिंत पाडली असती तर न्हाई चाललं असतं का?"

अर्ज कुणाचा होता, हे तिला ठाऊक होतं.