प्राग कसं ठरलं

कल्पना समिधाची होती, पण अडकला तिचा बाप.

आईला ऑक्टोबरात पन्नास पूर्ण होतात, तेव्हा तिला काही कळू न देता तीन दिवस युरोपात न्यायचं, असं समिधानं अजमानच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालता चालता जाहीर करून टाकलं. समिधा शारजात जन्मली, तिथंच वाढली आणि आता दुबईत एका जाहिरात कंपनीत नोकरीला होती. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर निम्मं इंग्रजीत येई.

"बाबा, यू जस्ट पिक द सिटी. बाकी सगळं मी बघते."

सुदेश परब उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. कणकवलीजवळच्या गावातून तरुणपणी आला तो इथलाच झाला. पत्र्याची जाडी त्याला बोटानं कळे, पण युरोपातली शहरं म्हणजे जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाईलवर दाखवायची तेवढीच. त्यानं वर्कशॉपमध्ये सहज विषय काढला आणि पस्तावला. इजिप्तचा हिशेबनीस म्हणाला, "पॅरिस, हबीबी! बायकोला पॅरिसशिवाय कुठं नेतात?" फोरमननं व्हेनिस सांगितलं. एकानं स्वित्झर्लंड हे शहर आहे असं समजून त्याचीच शिफारस केली. सुदेश घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून व्हिडिओ बघे. सगळीकडे तेच पूल, तेच घुमट, तेच कॉफीचे कप. कुठलंही नाव घेतलं तरी चालेल, आणि म्हणूनच कुठलंच घ्यावंसं वाटेना.

"आईला नक्की काय आवडतं?" समिधानं चक्क मराठीत विचारलं.

त्या प्रश्नानं सुदेशची झोप उडाली. कावेरीला चहात आलं किती लागतं, कुठला गुडघा दुखतो, कुठल्या नणंदेचा फोन आला की तिचं डोकं उठतं, हे सगळं त्याला माहीत होतं. पण तिला कुठं जावंसं वाटतं, हे काही त्याला सांगता येईना. विचारण्याची वेळच आली नव्हती. विमानात बसायचं ते गावी जायला. गावी जायचं ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणाच्या बाराव्याला.

एका शुक्रवारी मासळीबाजारातून परत येताना त्यानं गाडीत खडा टाकून पाहिला.

"समज, तुला कुणी म्हणालं, कुठंही चल. तर कुठं जाशील?"

कावेरी शाळेच्या बसवर मदतनीस होती. छोट्या मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, झोपलेल्याला उठवून आईच्या हाती द्यायचं. तिला गप्प बसलेला माणूस आणि खोटं बोलणारं पोर लगेच ओळखू यायचं. तिनं नवऱ्याकडे तिरकं बघितलं.

"काय हो, लॉटरी लागली का?"

"सहज विचारतोय गं."

"थंडी हवी बाबा. झाडाखालून चालायला रस्ता हवा. आणि बोलायला कुणीतरी हवं. तुम्ही गाडीत बसलात की सिग्नलशी बोलता." ती हसली. मग मांडीवरची सुरमईची पिशवी सरळ करत बाहेर बघत राहिली. "साजिदा इथं असती तर काय, कुठंही गेले असते. तुमच्या उम्म अल कुवैनलासुद्धा."

सुदेशचा सिग्नल हुकला आणि मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

लग्नानंतर कावेरी शारजात आली तेव्हा त्यांच्याकडे फ्लॅट नव्हता, अर्धा फ्लॅट होता. रोल्ला चौकाजवळच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या आणि मध्ये एक स्वयंपाकघर. एका खोलीत सुदेश आणि कावेरी, दुसऱ्या खोलीत दापोलीकडचे मुनीर आणि साजिदा. पहिल्या दिवशी दोघी शेगडीच्या दोन टोकांना पाठ करून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी साजिदानं विचारलं, "तुमच्यात सांदणं करतात का गो?" आणि कावेरी, जी आठवडाभर धड एक वाक्य बोलली नव्हती, तिनं सांदणात फणस घालायचा की नाही यावर तासभर वाद घातला.

तिथून पुढं त्या घरात दोन संसार होते असं म्हणणं कठीण. समिधा पाळण्यात असताना कावेरीला ताप आला तर साजिदा समिधाला आपल्या लहानग्या मोहिद्दीनबरोबर कडेवर घेऊन फिरे. रोज्यांत कावेरी पहाटेचा चहा टाकी, गणपतीत साजिदा मोदकांच्या कळ्या काढी, आणि तिच्या कळ्या कावेरीपेक्षा सुबक येत, हे कावेरी सोडून सगळे बोलून दाखवत. सुदेश आणि मुनीर तेव्हा दुबईला एकाच कारखान्यात होते. दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली होती. एक दिवस हा चालवी, एक दिवस तो. शारजा-दुबई रस्ता संध्याकाळी असा तुंबे की त्या गाडीत त्यांनी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडून घेतलं. घरी पोचेपर्यंत भांडण संपलेलं असे आणि जेवण गार झालेलं.

मग मुनीरच्या कंपनीनं त्याला जर्मनीतल्या आपल्या कारखान्यात बोलावून घेतलं. ड्रेस्डेन नावाचं गाव. दोघी विमानतळावर रडल्या नाहीत, कारण मुलं बघत होती. पुढं फोन होत राहिले. आणि काही वर्षांनी एका सकाळी मोहिद्दीनचा फोन आला, की अब्बा गेले. हृदयविकार. व्हिसाला महिना लागणार होता. कावेरी फोन कानाला लावून बसली होती, तिकडे साजिदा, आणि दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं. अर्ध्या तासानं साजिदानं फोन ठेवला. "मी गेले नाही," एवढंच कावेरी नंतर म्हणाली. पुन्हा पुन्हा नाही, एकदाच.

गाडीतल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सुदेशनं जेवणाच्या सुट्टीत, पत्र्याच्या ढिगाऱ्यामागं उभं राहून साजिदाला फोन लावला.

"वहिनी, कावेरीला घेऊन तुमच्याकडे येतो. वाढदिवसाला. तिला सांगायचं नाही."

साजिदा म्हणाली, "इथं नको, सुदेशभाऊ."

सुदेशला वाटलं, आपलं काही चुकलं.

"म्हणजे तुम्ही येऊ नका असं नाही हो. पण या घरात त्यांची खुर्ची आहे, कोट आहे. कावेरी आली की आम्ही दोघी त्या खुर्चीसमोर बसून तीन दिवस रडू. वाढदिवस कसला मग? आणि मी तरी कुठं बाहेर पडते? दुकान आणि घर. मोहिद्दीन थकला सांगून."

"मग तुम्हीच सांगा, कुठं भेटायचं."

"मला विमान नको. गुडघे वाकत नाहीत."

अशा रीतीनं जे काम पॅरिस-रोमच्या हजार व्हिडिओंनी झालं नव्हतं ते साजिदाच्या गुडघ्यांनी केलं. ड्रेस्डेनहून एका आगगाडीत, बदल न करता, नदीकाठानं दोन-अडीच तासांत पोचता येईल असं गाव म्हणजे प्राग. दुबईहून तिथं थेट विमान. समिधानं ते ऐकलं तेव्हा ती आधी म्हणाली, "ओके, प्राग इज प्रिटी." मग तिनं बापाकडे नीट बघितलं आणि त्याच्या दंडाला हात लावून आत गेली.

गुपित मात्र व्हिसा केंद्राच्या दारात फुटलं. भारतीय पासपोर्टवर युरोपचा व्हिसा हवा तर बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, हे समिधानं ठरवताना लक्षातच घेतलं नव्हतं. कावेरीला समिधाच्या ऑफिसची फॅमिली ट्रिप म्हणून थाप मारून नेलं. बस सुटण्याआधी शंभर पोरांच्या थापा ऐकणाऱ्या बाईला ती किती वेळ पचणार? काचेच्या खिडकीपाशी तिनं बोटं टेकवली, बाहेर आली आणि दोघांना उभं केलं.

"माझा वाढदिवस आहे ना? हे कुठलं प्राग?"

"सरप्राइज होतं, आई," समिधा रडवेली झाली.

"मग अजून आहेच की. मला कुठं माहीत आहे तिथं काय आहे!" कावेरी म्हणाली, आणि घरी जाताना स्वेटर कुठल्या पेटीत आहेत यावर बोलत राहिली. इतकं सगळं फुटूनसुद्धा साजिदाचं नाव तेवढं शाबूत राहिलं.

प्रागला उतरले तेव्हा पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. हवेत धुराचा आणि ओल्या पानांचा वास होता. समिधानं भाड्यानं घेतलेल्या छोट्या घरात बॅगा टाकल्या. कावेरीनं स्वयंपाकघराची कपाटं उघडून पाहिली, पोहे आणि आमसुलं मांडून ठेवली, आणि शाल गुंडाळून तयार झाली.

"चला, काय दाखवता?"

"स्टेशन," सुदेश म्हणाला.

"अहो, युरोपात येऊन स्टेशन काय बघायचं?"

"जुनं आहे. घुमट बघण्यासारखा आहे म्हणे."

घुमट खरंच बघण्यासारखा होता. कावेरी त्याच्याखाली मान वर करून उभी होती, म्हणून तिला दिसलं नाही. फलाटाकडून येणाऱ्या गर्दीत एक उंच तरुण एका बुटक्या बाईला हाताला धरून सावकाश आणत होता. बाईनं जाड कोट घातला होता आणि डोक्यावरची ओढणी एका हातानं सावरली होती. ती कावेरीपासून दोन हातांवर येऊन थांबली.

"काय बघतेस गो वर? छप्पर पडतंय?"

कावेरीची मान खाली आली. तिनं साजिदाकडे बघितलं, मोहिद्दीनकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. सुदेशला वाटलं होतं ती किंचाळेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती पुढं झाली, साजिदाच्या कोटाचं वरचं उघडं बटण तिनं लावलं.

"मुनीरभाई गेले तेव्हा मी आले नाही, साजिदा."

"आलीस ना आता," साजिदा म्हणाली.

मग मात्र स्टेशनातले लोक त्यांना वळसा घालून जायला लागले.

शनिवारी समिधानं नदीतल्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. दोघी हलल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या इवल्या टेबलाशी सकाळी बसल्या त्या बसल्याच. चहा, पोहे, पुन्हा चहा. कुणाचं लग्न, कुणाचा तलाक, कुणाची जमीन, रोल्लाच्या इमारतीतला तो लिफ्ट बंद पाडणारा सुदानी म्हातारा. मधेच दोघी गप्प होत आणि पुन्हा एकदम एकाच वेळी बोलायला लागत. मोहिद्दीन सोफ्यावर आडवा झाला आणि आईचं हसणं ऐकत झोपून गेला.

"दे आर इन प्राग, बाबा, अँड दे आर इन द किचन!" समिधा वैतागली. शेवटी बाप-लेक दोघंच बोटीवर गेले. पुलाखालून जाताना तिनं विचारलं, "तुमचा असा कुणी मित्र आहे?"

"होता," सुदेश म्हणाला, आणि नदीकडे बघू लागला. इतके दिवस तो हे सगळं कावेरीसाठी जमवतोय अशाच समजुतीत होता.

त्या संध्याकाळी भात-आमटी जेवून झाल्यावर साजिदानं त्याला हाक मारली. "सुदेशभाऊ, एक सांगायचं राहिलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. इस्पितळात शेवटच्या दिवशी त्यांना भान नव्हतं. मला म्हणाले, घाई करू नको, आज गाडी सुदेशची आहे, तो येईल न्यायला."

सुदेशनं ताटं उचलली, बेसिनशी गेला आणि जी भांडी त्यानं आयुष्यात कधी घासली नव्हती ती सावकाश, एकेक करून घासली. कावेरी त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि पुसून ठेवू लागली. मागून साजिदा म्हणाली, "साबण कमी घ्या हो, इथलं पाणी हलकं आहे." त्यावर तो हसला, आणि हसताना त्याला डोळे पुसायला बरं निमित्त मिळालं.

रविवारी दुपारी साजिदाची गाडी होती. जानेवारीत ती शारजाला येणार, गुडघे असोत नसोत, असं तिनं कावेरीच्या हातावर हात मारून कबूल केलं. विमानात आपण तिच्याशेजारी बसू, असं मोहिद्दीन म्हणाला. गाडी सुटली. तिच्या खिडकीबरोबर कावेरी फलाटावर काही पावलं चालली, मग थांबली. सुदेश आणि समिधा मागं उभे होते. आता तिला सावरावं लागेल म्हणून दोघंही मनात वाक्यं जुळवत होते.

कावेरी वळली. तिनं नाक पुसलं, शाल झटकून पुन्हा नीट घेतली.

"अंधार पडायला किती वेळ आहे?"

"दोन तास असतील," समिधा म्हणाली.

"मग उभे काय राहिलात? तो पूल कुठं आहे म्हणालात? यल्ला, चला. इतक्या लांब आलोय, निदान गाव तरी बघू."

आणि ती पुढं निघालीसुद्धा, स्टेशनाबाहेरच्या झाडांखालच्या ओल्या पानांवरून, चुकीच्या दिशेनं. तिला हाक मारून वळवायला ते दोघं मागून धावले.