मास्तरांनी परत नेऊन ठेवलेलं पान

पळसदरीच्या जंगलातलं एकूण एक झाड नावानिशी ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला माणसांची नावं मात्र कधी आठवली नाहीत. कर्जतला आमच्या घरामागच्या खोलीत हे मास्तर भाड्याने राहत. शाळेत ते विज्ञान शिकवत, मी चित्रकला. इतकी वर्षं एका किटलीतला चहा पिऊनही मी त्यांच्या लेखी ‘चित्रकलाबाई’च राहिले. दर रविवारी ते सुंभाची दोरी आणि चार खुंट्या घेऊन राखीव जंगलात जात. दोरीने चौकोन आखायचा, आत काय काय उगवलंय ते मोजायचं आणि एकेका जातीचं पान वर्तमानपत्रात दाबून आणायचं. कुठे ऐन आणि किंजळ एकत्र नांदतात, कुठे नुसती कारवीच माजलीय, याचा रंगीत नकाशा त्यांना वनखात्यासाठी करायचा होता. रंग भरायचे मी. करवंदीच्या जाळीला कोणता हिरवा द्यायचा, यावरून आम्ही दोन दिवस अबोला धरला होता. पानं वाळत आमच्याच गाद्यांखाली. मुक्कामाला आलेल्या माझ्या मावशीला त्यांनी गंभीरपणे बजावलं, “जरा अलगद कूस बदला, खाली कुंभा आहे.” मावशी पुन्हा कधी मुक्कामाला आली नाही.

जंगलाच्या मधोमध ठाकरवाडीची देवराई होती. तिथलं गळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, असा नेम. राखणदार म्हातारा म्हणाला होता, “बगा किती बी, मास्तर. पर पान न्यायचं नाय.” मास्तर हो म्हणाले. राईतलं एक झाड बाहेर कुठेच सापडेना, आणि वनखात्याच्या साहेबांचं म्हणणं, पान जोडल्याशिवाय त्या तुकड्यात रंग भरायचा नाही. तेवढाच तुकडा कोरा होता, आणि मास्तर त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होते.

एका रविवारी राईतून आल्यावर त्यांनी छत्री झटकली आणि नेमकं त्याच झाडाचं पान जमिनीवर पडलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, “तुम्ही थोडंच तोडलंत? चिकटवून टाका.” मास्तरांनी पान उचलून नकाशाच्या कोऱ्या तुकड्यावर धरून पाहिलं. त्यांनाही ते हवंच होतं.

“म्हाताऱ्याला मी हो म्हटलंय, चित्रकलाबाई,” एवढंच बोलून ते आल्या पावली पळसदरीला निघाले. नकाशा तसाच कोऱ्या तुकड्यासकट साहेबांकडे गेला, मास्तर मुलीकडे नागपूरला गेले आणि तिकडेच वारले.

परवा धीर करून मी त्या राईत गेले. म्हाताऱ्याची सून बरोबर होती. तिला विचारलं, बाहेर कुठे नाही ते झाड कोणतं?

“मास्तराचं झाड? ह्ये काय,” ती म्हणाली. “पान ठिवाया मागारी आलं व्हतं ना, तवापासून आमी त्येच म्हनतो.”

मी खोडाला हात लावून उभी राहिले. त्याचं खरं नाव मास्तर मला शंभरदा सांगून गेले असतील, मीच लक्ष दिलं नव्हतं. निघताना नेमाप्रमाणे पदर झटकला. एखादं पान अडकलेलं असेल, असं फार वाटत होतं. काहीच पडलं नाही.