एक तृतीयांश भाजी

झेंडूच्या रोपाला नुसता हात लागला तरी बोटांना जो उग्र, हिरवा, किंचित कडवट गंध चिकटतो, तो साबणाने जात नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंचवडच्या बाजारात झेंडूच्या ढिगांशेजारून चालताना हा गंध मला कधी जाणवलाही नव्हता. जे उदंड असते त्याची जाणीव कुणाला होते? पण ड्रेस्डेनमधल्या जुलैच्या एका सकाळी, गवतावरचे दव अजून सुकायचे असताना, वाफ्याशी वाकले आणि तो गंध असा अंगावर आला की क्षणभर मी कुठे आहे हेच विसरले. समोर एल्ब नदीचे हिरवे खोरे होते, पाठीमागच्या चढावर मी जिथे नोकरी करते तो सेमिकंडक्टरचा कारखाना होता, आणि या दोहोंच्या मधोमध माझे सासरे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका जर्मन बागेत झेंडूला पाणी घालत होते. त्या उन्हाळ्याची हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इथे शहरी माणसाला बाग भाड्याने मिळते. घर एकीकडे, बाग दुसरीकडे! रेल्वेच्या रुळांलगत, जुन्या गिरण्यांच्या पिछाडीला, आखून दिलेले छोटे छोटे तुकडे असतात. प्रत्येकात एक लाकडी खोपटे, गुडघ्याएवढे कुंपण आणि एखादे सफरचंदाचे झाड. त्याला क्लाइनगार्टन म्हणतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एक फेराइन, म्हणजे संघ असतो. तीन जर्मन एकत्र आले की संघ स्थापन होतो, असे इथलेच लोक हसत सांगतात. आपल्याकडे तीन माणसे एकत्र आली की आधी दोन गट पडतात आणि मग संघ स्थापन होतो, एवढाच काय तो फरक. आम्ही बरीच वर्षे रांगेत थांबलो तेव्हा कुठे आम्हाला तुकडा मिळाला, तोही पहिले वर्ष परीक्षेचे या बोलीवर. नियम पाळले तर बाग आमची, नाहीतर रांगेतल्या पुढच्या कुटुंबाची.

त्याच जूनमध्ये सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यापासून ते चिंचवडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून असत, आणि टीव्ही बहुधा बंद असे. इथेही पहिले चार दिवस ते खिडकीशी बसून ट्राम बघत राहिले. विचारले की सगळे छान आहे म्हणायचे, आणि पुन्हा ट्राम बघू लागायचे. मग एका शनिवारी आम्ही त्यांना बागेत नेले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि ते मातीत पाय रोवून उभे राहिले. तुम्हाला सांगते, भोसरीकडची त्यांची शेती कारखान्यांसाठी गेली तेव्हा ते शाळकरी होते. ज्या जमिनीत त्यांच्या वडिलांनी ज्वारी पेरली, तिच्यावरच उभ्या राहिलेल्या शेडमध्ये बाबांनी पुढे जन्मभर लेथ चालवली. एवढ्या वर्षांनी माती त्यांच्या पायाला लागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून सुकलेल्या झेंडूची पुरचुंडी काढली. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली फुले बियाण्यासाठी राखायची ही त्यांची जुनी सवय, आणि सवयींना व्हिसा लागत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला दरवर्षी प्लास्टिकचे तोरण लागते, हे ऐकून ते आधीच व्यथित झाले होते. यंदा खरा झेंडू, असा शब्द त्यांनी परस्पर मंडळाला देऊनही टाकला. झाले! पाहता पाहता अख्ख्या बागेत, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, झेंडूची रोपे उभी राहिली. कोपऱ्यात आपोआप उगवलेली दूर्वेसारखी एक गवताची जात त्यांना सापडली; तिलाही आळे करून रोज पाणी मिळू लागले. गावाकडे जिला हरळी म्हणून शिव्या घालतात, तीच गणपतीपुढे दूर्वा होते. माणसाचे नशीबही पुष्कळदा जागेवरच ठरते. बाबा आता सकाळी आमच्या आधी तयार होऊन दारात उभे राहत, जेवणात दुसरी पोळी मागत, आणि एकदा तर अंघोळ करताना त्यांचे गुणगुणणे ऐकू आले.

आणि मग जुलैच्या सुरुवातीला संघाची बागफेरी आली. अध्यक्ष आणि कार्यकारिणीची मंडळी दर उन्हाळ्यात प्रत्येक बागेत येतात. आमच्या फाटकात अध्यक्ष थबकले, इकडून तिकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारते झाले की भाजी कुठे आहे. बागेच्या एक तृतीयांश भागात भाजीपाला किंवा फळे हवीत, हा इथला मूळ नियम. तो आम्हाला कागदावर ठाऊक होता, पण आमच्या मराठी डोक्याने त्याचा अर्थ हवी असल्यास भाजी लावा, असा सोयीस्कर लावला होता! हरळीच्या आळ्याकडे पाहून तर ते हतबुद्ध झाले. तण उपटायचे सोडून त्याला पाणी घालणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. महिन्याभराने पुन्हा येऊ, तोवर एक तृतीयांश भाजी दिसली नाही तर बाग पुढच्यांना द्यावी लागेल, असे त्यांनी सांगितले, आणि जाताना झेंडूचे मनापासून कौतुकही केले. जर्मन माणूस दोन्ही गोष्टी एकाच श्वासात करू शकतो.

मी संतापले. जो देश जगाला यंत्रे विकतो, ज्याच्या सुपरमार्केटात बारा महिने टोमॅटो मिळतात, त्याने माझ्या वाफ्यातल्या मुळ्यांची चौकशी करावी? पण राग ओसरल्यावर मी त्या नियमाच्या मुळाशी गेले, आणि सांगते, तिथे मला एका वाढत्या राष्ट्राचे सगळे बालपण सापडले. आधी धुराडी आली. खेड्यांतली माणसे शहरात लोटली, एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे राहू लागली, मुलांना ऊन म्हणजे काय ते कळेना. मग डॉक्टर, शिक्षक, सुधारक उठले आणि म्हणाले की कामगाराच्या पोरांना माती द्या, उजेड द्या. कारखाने, रेल्वे, नगरपालिका यांनी रिकाम्या जागा दिल्या. आजारपणासाठी, म्हातारपणासाठी कायदे झाले. बागा कामगाराच्या ताटाला हातभार लावतील म्हणून त्यांचे भाडे नाममात्र ठेवले गेले. त्या नाममात्र भाड्याची परतफेड म्हणजे ही एक तृतीयांश भाजी! राष्ट्र मोठे होते ते धुराड्यांच्या उंचीने, की त्या धुराखाली खोकणाऱ्या मुलाची कुणाला तरी लाज वाटते तेव्हा? मला वाटते, दोन्ही लागते, आणि दुर्दैवाने पहिले नेहमी आधी येते. आपल्या भोसरीत शेडी उभ्या राहिल्या तेव्हा कामगारांसाठी वाफे आखायचे कुणाला सुचले नाही.

हे सगळे व्याख्यान मी बाबांना ट्राममध्ये ऐकवले. त्यांनी ते निमूटपणे ऐकले, कारण ते सासरे असले तरी सज्जन आहेत. पण झेंडू उपटायची गोष्ट काढताच त्यांचा चेहरा पुन्हा तो खिडकीतला झाला. मी पुन्हा विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले,

"अगं, पोटासाठी जन्मभर राबलो. आता चार वाफे देवाला लावले तर कुणाचं काय बिघडलं?"

बाग गेली तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि बाग राखायची तर त्यांच्याच हातांनी त्यांची फुले उपटायला सांगायची! माझ्या नवऱ्याने याही प्रसंगी आपली नेहमीची भूमिका घेतली, म्हणजे तुम्ही दोघे ठरवा.

तो पेच सुटला तो कुंपणापलीकडून. शेजारच्या बागेत फ्राऊ क्राउझ नावाच्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाई एकट्या खपतात. त्यांची बाग म्हणजे शिस्तीचे संचलन: कोबी, गाजर, वाल, आणि सर्वांत मोठा वाफा बटाट्याचा. फुलाचे नाव नाही. बाबांची आणि त्यांची भाषेवाचूनच मैत्री जमली होती; दोघे आपापल्या भाषेत हवामानावर बोलत आणि दोघांना सगळे समजे. त्या दिवशी आमचे उतरलेले चेहरे पाहून त्या कुंपणाशी आल्या. मी कटकट सांगितली, त्यांनी ऐकून घेतली, आणि मग फावड्यावर हात ठेवून, कालची गोष्ट सांगावी तशा सुरात सांगू लागल्या. ही बाग त्यांच्या आजोबांची, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगाराची. पुढे आईची. आईने इथे भाजीइतकेच गुलाब लावले होते. मग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, फेब्रुवारीतल्या त्या बॉम्बवर्षावात शहर जळले, त्यात त्यांचे घर गेले, आणि वडील रणांगणावरून परतलेच नाहीत. आई तीन-चार वर्षांच्या लेकीला घेऊन या लाकडी खोपट्यात राहायला आली. वसंत येताच तिने सगळे गुलाब खणून काढले आणि त्या जागी बटाट्याच्या साली पुरल्या, ज्यांना डोळा होता तेवढ्याच. त्या सालींवर आम्ही जगलो, असे म्हणून फ्राऊ क्राउझ थांबल्या आणि फावड्याची माती झटकू लागल्या.

मी एकेक वाक्य मराठीत आणत होते. बाबांनी मध्ये एकदाही विचारले नाही की नियमाचे काय. त्यांनी विचारले ते वेगळेच: गुलाब परत लावले का? मी विचारले. त्यावर बाई खांदे उडवून हसल्या. आधी बटाटे लागायचे, मग कोबी लागायचा, पूर्व जर्मनीच्या काळात तर दुकानात भाजी दिसली की सणच, आणि बर्लिनची भिंत पडली तोवर बटाट्याची सवय झाली होती. कोबीवर अळी पडते आहे, असे सांगून त्या आपल्या वाफ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत पोचले तेव्हा बाबांनी एक तृतीयांश झेंडू उपटलाही होता. मापायला कुणाची मदत घेतली नव्हती. रोपे मुळांच्या मातीसकट ओल्या गोणपाटावर नीट आडवी ठेवली होती आणि मोकळ्या जागेत सरी पाडून ते मेथी आणि मुळा पेरत होते, घेवड्यासाठी काठ्या रोवत होते. चेहरा गंभीर होता, पण तो खिडकीतला नव्हता. पोटासाठी पेरलेल्या वाफ्याला आपण काल नावे ठेवली, असे काहीसे ते पुटपुटले आणि मला पाण्याची झारी आणायला सांगितले. मनात आले, आपण ज्याला कायदा म्हणून नाके मुरडतो तो कित्येकदा कुणाच्या तरी भुकेची आठवण असतो. भूक विसरली जाते, आठवण तेवढी कलमात शिल्लक राहते. मात्र हरळी बाबांनी सोडली नाही. ती त्यांनी एका कुंडीत हलवली, आणि कुंडीतल्या तणाबद्दल संघाच्या नियमांत अवाक्षर नाही.

संध्याकाळी पाहिले तर गोणपाट रिकामे. फ्राऊ क्राउझ यांनी त्या आठवड्यात बटाटे काढले होते आणि त्यांचा तो सर्वांत मोठा वाफा मोकळा झाला होता; त्यात आमचा झेंडू, दोरी धरून, इंचाचीही चूक न करता लावलेला! मी आभार मानायला गेले तर त्या घाईघाईने म्हणाल्या की झेंडूने मातीतली कीड जाते, हे कुणीही माळी सांगेल, गेनाऊ, अगदी तेवढ्यासाठीच लावला. मीही तसेच मानल्याचे दाखवले. महिन्याभराने अध्यक्ष आले. त्यांनी मेथी हुंगली, काठ्यांवर चढलेले घेवड्याचे वेल पाहिले, मान डोलावली आणि बाग आमची झाली. बाबांनी त्यांच्या हातात मेथीची जुडी ठेवली. तिचे त्यांनी पुढे काय केले ते विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही.

त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्येच आले. आदल्या सकाळी आम्ही फुले तोडायला गेलो तेव्हा कुंपणाच्या दोन्ही बाजू केशरी-पिवळ्या झाल्या होत्या, आणि तो उग्र कडवट गंध सगळ्या वाटेवर पसरला होता. रुळांवरून गाडी गेली तर तिच्या खिडक्यांतून माणसे वळून पाहत होती. बाबांची टोपली भरेपर्यंत फ्राऊ क्राउझ पत्र्याची बादली घेऊन कुंपणाशी आल्या. बादली काठोकाठ भरलेली होती. मी म्हटले, तुम्ही तर सगळीच तोडलीत, वाफ्यात थोडी ठेवायची होती.

"आल्झो, म्हणजे, सगळी नाही आणली," त्या म्हणाल्या. "बरणीभर घरी ठेवलीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. या बागेतली फुलं माझ्या घरात पहिल्यांदाच आलीयत. आई असती तर ओरडली असती, बटाट्याच्या जागेत फुलं लावली म्हणून."

त्या हसत होत्या, पण बादलीची कडी त्यांनी अजून सोडली नव्हती. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांना ते मराठीत सांगताना शेवटचे वाक्य मला दोनदा सांगावे लागले. बाबांनी टोपली खाली ठेवली, पुढे होऊन बादलीला हात लावला आणि बाईंकडे बघतच मला म्हणाले,

"नसती ओरडली. सांग त्यांना."

मी सांगितले.