भुई उठवणारी साळूबाई

आमच्या हिर्डोशीत कुणी अंथरुणाला खिळलं की आधी देवऋषी यायचा आणि मग साळूबाई. देवऋष्याला कोंबडं लागायचं, साळूबाईला नुसतं गरम पाणी आणि जुनं धडुतं. तरी बोलावणं तिलाच उशिरा जायचं. शहाण्यांचा तुटवडा गावात कधीच नव्हता.

नवरा गेल्यावर ती भोरच्या दवाखान्यात अकरा वर्षं आजाऱ्यांची उस्तवार करत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं शिकली, न सांगितलेलं बघून शिकली. सन एकोणतीसला गावी परतली ती एक भलतीच खोड घेऊन. घरातल्या बाप्यांनाही ती आजाऱ्याच्या कामाला जुंपायची.

माझे वडील गेनबा पायांना सूज आणि धाप लागून पडले, ते त्याच्या पुढच्या वर्षी. मी तिशीला आलेला, दोन पोरांचा बाप, पण आजारी बापाच्या अंगाला हात लावायची मला लाज वाटे. साळूबाईनं भुसकटाची दोन पोती पाठीशी देऊन वडिलांना बाजेवर अर्धवट बसवलं, कारण सपाट निजले की त्यांचा जीव घुसमटायचा. मग भिंतीवर कोळशानं पाच रेघा ओढल्या. घरात घड्याळ कुठलं? गुरं सुटली की डाव्या कुशीला कलवायचं, न्याहारीला उजव्या, दुपारी पाठ पुसून तेल, गुरं परतली की पुन्हा डाव्या, दिवेलागणीला ओठ भिजवून पेज. प्रत्येक रेघेला एक माणूस नेमलेला.

"ज्ञानू, न्याहारीची रेघ तुजी," ती म्हणाली. "चुकलास तर बापाची पाठ फुटंल. मंग मला बोलवू नगंस."

मी तोंड वाकडं केलं, पण रेघ चुकवली नाही. तीन आठवड्यांत वडिलांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. हे सगळं गाव विसरलं, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्याकडं माणसाला बाजेवर जाऊ देत नाहीत. शेवटचा श्वास सारवलेल्या भुईवरच जायला हवा. बाजेवर गेलेला अधांतरी राहतो, ना इकडचा ना तिकडचा, असा समज. त्यामुळं आजाऱ्याचे डोळे जरा पांढरे झाले की शेजारपाजार "उतरवा, उतरवा" करत दारात हजर. भादव्याचे दिवस, भुईला ओल सुटलेली. माझी आई बाळाबाई घाबरून गेली होती.

"साळू, उतरवायचं का गं?"

साळूबाईनं वडिलांचे तळपाय चाचपले. "आज न्हाई, वैनी. पाय ऊन हायेत. गारठ्यात सपाट टाकलं तर गुदमरून जातील. अजून दोन दिस हायेत."

तिनं तसं सांगून कितीदा माणसं वाचवली होती, म्हणून आम्ही ऐकलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी वडिलांना उजव्या कुशीला कलवलं आणि माझ्या हातातच त्यांची मान पडली. बाजेवरच.

आई रडली नाही. तिनं साळूबाईकडं बोट केलं. "तुज्यापायी ते अधांतरी गेलं. माज्या दारात पुन्यांदा पाय ठिवू नगंस."

साळूबाईनं आपलं धडुतं गोळा केलं आणि निघून गेली. मीही तिला थांबवलं नाही. त्याची मला आजही शरम वाटते.

त्यानंतर आठ वर्षं आई तिच्याशी बोलली नाही. विहिरीवर ती दिसली की आई रिकामी घागर घेऊन माघारी यायची. साळूबाई आजाऱ्यांकडं जायची, पाठी पुसायची, रेघा ओढायची. पण उतरवायची गोष्ट निघाली की मान खाली घालून म्हणायची, "ते तुमी ठरवा." तिचा धीर गेला होता. एकदा एका म्हाताऱ्याला घाईनं उतरवलं आणि तो चार दिवस भुईवर तडफडला. साळूबाई त्याच्या पाठीला आपली पाठ टेकून बसली, म्हणजे त्याला उठून बसल्यासारखा श्वास घेता यावा. उठायची ती फक्त त्याच्या तोंडात घास घालायला.

सन अडतीसच्या दिवाळीनंतर आईला तीच धाप लागली. तेच सुजलेले पाय. माझी बायको रतन दमून गेली, शेवटी मी आईला न विचारता साळूबाईकडं गेलो. ती आली, पण उंबऱ्याबाहेर बसली.

"वैनी, आत येत न्हाई. येकच इचारते. बाज पायजे का भुई?"

आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच बोलली, "भुई. बाजंवर मला जायचं न्हाई. पर निजलं की जीव ऱ्हात न्हाई गं."

"मंग भुईच उठवू की," साळूबाई म्हणाली.

आम्ही चुलीशेजारी पांढरी माती आणली, त्यात भाताचं तूस कालवलं. साळूबाईनं आईला धरून बसवलं, पाठीचा कल हातानं मापला आणि मी भुईतूनच तसा चढ उभा केला, चोपण्यानं ठोकून घट्ट. घसरू नये म्हणून पायाशी बांध घातला. आठ दिवस निखारे ठेवून वाळवला. रतननं सारवला, वर पेंढा आणि वाकळ घातली. आई त्यावर टेकली आणि महिन्यात पहिल्यांदा एक लांब श्वास घेतला. ती भुईवर होती आणि बसलेलीही होती. साळूबाई केव्हा उंबरा ओलांडून आत आली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आई त्यावर सव्वा महिना राहिली. भिंतीवर पुन्हा रेघा आल्या आणि न्याहारीची मी मागून घेतली. एके दिवशी साळूबाई तिच्या पायांना तेल लावत होती, तेव्हा आईनं विचारलं,

"ह्यांच्या वक्ताला असं का न्हाई केलंस?"

"सुचलं न्हाई, वैनी. म्या त्यास्नी काय पायजे ते इचारलंच न्हाई. पाय चाचपलं अन् माजंच खरं केलं."

आई म्हणाली, "म्या तरी कुठं इचारलं? म्या बी तुलाच इचारलं. ते तितंच तर व्हते, उघड्या डोळ्यांनी."

हे ऐकून मला घरात उभं राहवेना. मी गोठ्यात गेलो आणि पोरासारखा रडलो. तीन आठवडे मी त्यांची कूस बदलत होतो. मीही विचारलं नव्हतं.

आई पौषात गेली, सकाळच्या उन्हात, साळूबाईच्या खांद्याला डोकं लावून. कुणी "उतरवा" म्हणालं नाही. कुणाला धावपळ करावी लागली नाही.

आईचे दिवस झाल्यावर तो मातीचा चढ ठेवावा असं मला वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. साळूबाईनंच कुदळ माझ्या हातात दिली.

"फोड. ही वैनीच्या पाठीची भुई. दुसऱ्याची त्याला इचारून घालू."