दुसऱ्याचा ठसा

घुग्घुसच्या रस्त्यावरचे आमचे लोहारचाचा ग्राइंडरला हात लावत नाहीत. जुनी कानस घासून, तिला धार काढून, दोन्ही टोकांना मुठी बसवून त्यांनी स्वतःच खरवडणी बनवली आहे. भट्टीत तापवून, निववून मऊ केलेलं पातं चाचा त्या खरवडणीने खरवडतात, तेव्हा लोखंडाच्या कुरळ्या साली मांडीवर पडत राहतात. मी बघत उभा राहतो.

परवा एकाने बेढब कोयता आणला. त्यावर पलीकडच्या लोहाराचा ठसा होता. त्याच्याशी चाचांचा कित्येक वर्षांपासून अबोला आहे. पातं सुबक झालं. ठशाजवळ मात्र खरवडणी जपून फिरली.

"चाचा, तो ठसाबी खरवडून टाका ना," गिऱ्हाईक म्हणालं.

चाचा भडकले. "काऊन? तोंड पाहत नाई मी त्याचं. पण कोयता तं त्यानंच घडवला ना!"