खरी निघाली

सकाळी बँकेत येऊन बसले, तोच अनोळखी नंबरवरून मेसेज आला : राठोड साहेब वारले. शेजारची त्यांची खुर्ची रिकामी होती, पण सेनगावकडची त्यांची एसटी रोजच उशिरा यायची. मला रागच आला. असली थट्टा कोण करतं? त्या नंबरवर मी फोन केला नाही. आलेल्या कागदावरच्या नंबरवर कधी विचारायचं नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर विचारायचं, हे राठोड सरांनीच शिकवलेलं. मी त्यांचाच नंबर लावला. तिकडून भलताच आवाज आला, "ताई, खरं हाय. पहाटं छातीत कळ आली..." आणि तो माणूस रडायला लागला. तेव्हा ओळखलं, हा देविदास. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. सर गेले म्हणून, आणि त्यांचा फोन देविदासने उचलला म्हणूनही.

देविदास सरांचा चुलतभाऊ, दोघं एकाच तांड्यावर वाढलेले. तो लहानमोठी सरकारी कामं घेतो. त्याने काम अर्धवट सोडलं तर नुकसान बँक भरून देईल, अशी हमी आम्ही एका कार्यालयाला दिली होती. निम्मं काम झाल्यावर, हमीची रक्कम कमी करायला हरकत नाही, असं कार्यालयाचं पत्र घेऊन तो हसतहसत आला. सरांनी ते पत्र आणि आमच्याकडचा सहीचा नमुना, दोन्ही उलटे धरून ताडून पाहिले. सरळ धरलं की आपण नाव वाचतो, सही बघत नाही, असं ते म्हणायचे. सही जुळली. तरी पत्र त्यांनी बाजूला ठेवलं.

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?" देविदासने विचारलं.

"तू काहून मधी येऊन राहिला? मी सहीचं बोलून राहिलो."

माणूस सोन्यासारखा, पण बोलणं हे असं! कार्यालयात फोन केला तर सही करणारे साहेब वारंगा फाट्याला काम बघायला गेलेले. सर शिपायाची मोटारसायकल मागून भर उन्हात तिकडे गेले. परतले ते घामाने निथळत, पण चेहरा घरातलं लेकरू पास झाल्यासारखा. "खरी निघाली," एवढंच म्हणाले. त्याच दिवशी हमी कमी करून दिली. देविदासच्या मनातून मात्र सर उतरले ते उतरलेच. पोरीच्या लग्नालाही त्याने त्यांना बोलावलं नाही. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण लग्नाच्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

सर गेले त्या पहाटे त्यांच्या घरून वहिनींची हाक ऐकून पहिला धावला तो देविदासच. त्यानेच सरांना जीपमध्ये घातलं, त्याच्याच मांडीवर डोकं होतं, आणि वाटेतच... महिना होत आला, मला अजून हे पटत नाही. आदल्या संध्याकाळी तर ते माझ्या चहाला नावं ठेवून गेले होते.

परवा देविदास बँकेत आला. दुसऱ्या कामाचं तसंच पत्र होतं. मी कागद उलटा धरला, पण नजर ठरेना.

"इचारून घ्या ताई," तो म्हणाला. "तो असता तं गेला असता."

बसा म्हटलं तरी सरांच्या खुर्चीवर तो बसला नाही, मागे उभाच राहिला. मी कार्यालयाच्या आमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, सही माझीच. फोन ठेवला आणि सवयीने शेजारी वळून बोलून गेले, "सर, खरी निघाली."

मागून देविदासच म्हणाला, "व्हय, ताई."