कमानीसाठी आणलेला गूळ

केजला माझं सिमेंटचं दुकान आहे. त्यामुळे नेकनूरकडच्या एका घुमटाची दगडी कमान चुन्यात दुरुस्त करायचं मी मनावर घेतलं, तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "दुकानाला कुलूप लावा अन् तिकडंच जाऊन बसा," म्हणाली. मी किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि निघालो.

घुमट गावाबाहेरच्या कब्रस्तानात आहे. आत एका अवलियाची मजार. तिथली झाडलोट माझ्या शाळेतल्या मित्राचे वडील करायचे. याच चाचांनी मला सायकल शिकवली, आणि पडलो की आधी सायकलीला लागलंय का ते बघायचे. ते गेल्यावर झाडू चाचींनी हातात घेतला. चाचांची कबर घुमटाच्या वाटेलगतच आहे, साधी मातीची. पावसात ती सपाट होते आणि चाची पुन्हा माती ओढतात.

मागच्या पावसाळ्यानंतर कमानीच्या माथ्यावरचा दगड निसटून खाली आला आणि भेग पार घुमटापर्यंत गेली. कब्रस्तानाच्या कमिटीनं ठरवलं, मशीन लावून सगळं पाडायचं आणि पत्रे टाकायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. उरुसाला त्या कमानीखाली लेकरंबाळं बसतात. पण मशीन आत न्यायला वाट एकच, कबरींवरून.

चाची एस.टी.नं केजला आल्या आणि दुकानात उभ्याच राहिल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बेटा, ते मशीन त्यांच्या अंगावरून जानार. त्यांच्यावर सादा दगडबी न्हाई. मशीनवाल्याला कळंल का, हितं मानूस निजलाय म्हनून?"

मी तसाच उठलो. मग कमिटीपुढं जाऊन हातापाया पडलो. उरुसापर्यंतची मुदत मिळाली. तोवर कमान आपल्या पायावर उभी राहिली तर ठीक, नाहीतर मशीन.

सिमेंटचा विचार मी केलाच नाही. जुन्या भिंतीला ते लावलं की ओल आत कोंडते आणि वीट भुगा होऊन गळते, हे माझ्या गिऱ्हाइकांनी मला भरपूर ऐकवलंय. अंबाजोगाईकडचा एक गवंडी मिळाला, देवळांची चुन्याची कामं केलेला. त्यानं कमानीला लाकडी टेकू दिले, खड्ड्यात चुना भिजत घातला आणि मला गूळ आणायला पिटाळलं. चुना मळताना गुळाचं पाणी घालतात, त्यानं तो घट्ट धरतो. मी गुऱ्हाळावरून चांगल्या ढेपा आणल्या, मुंग्या लागू नयेत म्हणून घुमटाच्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि जेवायला गेलो.

वार गुरुवार होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

परत येतो तर दर्शनाला आलेल्या माणसांची ही गर्दी, आणि जो तो काहीतरी चघळतोय. एका बाईनं माझ्याही हातावर खडा ठेवला. "घ्या, नियाज हाय, परसाद. कुनाचा तरी नवस फिटला जनू." उंबऱ्यावर नुसतं गोणपाट उरलं होतं. मजारीपुढं गूळ दिसला आणि यांनी वाटून टाकला. विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझं डोकं फिरलं. "कमानीचा गूळ खाल्ला की बे तुमी!" मी ओरडलो. सगळ्यांची तोंडं चालायची थांबली. चाची मात्र पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. किती महिन्यांनी हसताना बघत होतो त्यांना. माझा राग तिथंच विरघळला, आणि हातातला खडा मीही तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी माणसं गूळ घेऊन यायला लागली. कुणी वाटीभर, कुणी रुमालात बांधून. खाल्लेलं फेडायचं म्हणून आले आणि बिचारे अडकले, कारण गवंडी कुणाला रिकाम्या हातानं परत जाऊ देईना. कुणी वाळू चाळली, कुणी चुन्यात घालायला विटा कुटल्या. कमिटीचे दोघं "बघून जातो" म्हणत आले आणि चुना मळत बसले. लिंपण झाल्यावर चुना हळू वाळावा म्हणून ओली पोती लावायची पाळी घरोघर ठरली. मला तर कुणी विचारीनासंच झालं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रुसलोही.

उरुसाच्या आदल्या दिवशी टेकू काढायचे होते. सगळं गाव वाटेवर उभं. गवंड्यानं एकेक लाकूड सैल केलं. शेवटचं निघालं तेव्हा वरून चिमूटभर चुना गळला. कमान होती तिथंच राहिली. गवंड्यानं माथ्यावर पुन्हा बसवलेला दगड हातोडीनं ठोकून पाहिला आणि मान डोलावली. माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, कमिटीच्या अध्यक्षांनी मशीनवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी चाचींना शोधत होतो. कमानीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या वाटेलगत मातीपाशी बसल्या होत्या, हात त्या मातीवर टेकवून.

"निवांत झोपा आता," त्या हळूच म्हणाल्या. "कोन न्हाई येत."